लोखंडाचं खातं

पहिली तार तुटली तेव्हा चाकाखालून खडा उडाला असं मला वाटलं. सकाळचे सहा वाजले असतील. मोती तलावाच्या बाजूला फिरायला आलेली चार माणसं सोडली तर रस्ता मोकळा होता. मागून 'टण्ण' असा एकच आवाज आला आणि सायकल डुलायला लागली. मागचा ब्रेक घासायचा, सुटायचा, परत घासायचा. उतरून बघितलं. हवा होती, चेन जागेवर होती, टायरला काही टोचलं नव्हतं. बराच वेळ चाक हातानं फिरवत राहिले, तेव्हा मधल्या हबजवळ एक तार लोंबताना दिसली. बोट लावताच ती हातात आली. तारेचं डोकं हबच्या भोकात राहिलं होतं आणि जिथे ती वाकून बाहेर येते तिथेच तिचा तुकडा पडला होता, जणू कुणी कापल्यासारखा.

माझं वय 43, वजन तेव्हा 108 किलो. जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मी हिशेब लिहिते. दिवसभर बैठक. मागच्या वर्षी साखर निघाली, डॉक्टरांनी रोज तासभर चाला म्हणून सांगितलं, पण पंधरा दिवसांत गुडघ्यांनी नाही म्हटलं. सायकलवर शरीराचा भार सीटवर जातो, गुडघ्यावर येत नाही. म्हणून दिवाळीनंतर मागे सात गिअरांची एक सायकल घेतली. लहानपणी वडिलांची काळी सायकल नळीतून पाय घालून चालवली होती, तेवढाच अनुभव. तरी पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हे मला जमणार आहे. नवीन जालन्यातून निघायचं, कुंडलिकेचा पूल ओलांडायचा, जुन्या जालन्यातून मोती तलावाकडे जायचं आणि बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून परत यायचं. रोजचे 14 किलोमीटर. साखरेचा आकडा खाली यायला लागला होता.

दुकानात नवी तार टाकून दिली. अकरा दिवसांनी दुसरी तुटली. मग आठवडाभरातच तिसरी. प्रत्येक वेळी तेच वाक्य ऐकायला मिळालं, "मॅडम, वजन आहे ना तुमचं." तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "आधी वजन कमी करा, मग सायकल चालवा." तो हे वाईट हेतूनं बोलला नसेल, पण मी घरी आले आणि सायकलला कुलूप लावलं. आठ दिवस ती जिन्याखाली उभी होती. ज्या माणसाला सायकलची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती चालवू नको म्हणायचं, याचा मला राग येत होता आणि त्याहून जास्त दुःख होत होतं. शिवाय एक गोष्ट डोक्यातून जाईना. तार माझ्या वजनानं तुटत असेल तर पहिल्याच दिवशी का तुटली नाही? तेव्हा तर मी 113 किलो होते.

हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो एमआयडीसीत एका रोलिंग मिलच्या लॅबमध्ये आहे. जालन्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमचं गाव दोन गोष्टींवर चालतं, बियाणं आणि सळई. देशभरातून भंगार येतं, भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात आणि ट्रक भरून बाहेर जातात. लोखंड इतकं आजूबाजूला आहे की त्याच्याकडे नीट बघायची कधी वेळच आली नाही. भाच्याचं काम सळईचे तुकडे ओढून, वाकवून बघायचं. ठरावीक जाडीच्या रुळाभोवती सळई वाकवतात आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला तडा गेलाय का ते तपासतात.

त्यानं माझ्या तीन तुटक्या तारा घेतल्या. सगळे म्हणत होते तसा 'माल हलका' असेल असं मलाही वाटत होतं. त्यानं एक तार पकडीत धरून मधोमध काटकोनात वाकवली. काही झालं नाही. परत सरळ केली, दुसऱ्या बाजूला वाकवली. तडासुद्धा गेला नाही. "मावशी, पोलाद चांगलं आहे," तो म्हणाला. "ही तार मोडलेली नाही. ही थकलेली आहे. किती फेरे झाले चाकाचे?"

किलोमीटर मला माहीत होते, फेऱ्यांचा विचार कधी केला नव्हता. माझ्या चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर. म्हणजे 14 किलोमीटरला जवळजवळ 6,670 फेरे. पहिली तार तुटली तोवर माझे 80 दिवस भरले होते. मी कागदावर गुणाकार केला आणि आकडा परत तपासला. पाच लाख तेहतीस हजार. तेवढ्या वेळा ती तार ताणली गेली होती आणि सैल पडली होती.

धातू थकतो हे माणसाला रेल्वेनं शिकवलं. 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली. आस चांगल्या लोखंडाचा होता, रोज धावत होता आणि एके दिवशी तुटला. तेव्हा लोकांना वाटायचं की हादऱ्यांनी लोखंडाचा आतला पोतच बदलतो, त्याचे दाणे होतात. पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं आसांचे नमुने यंत्रावर फिरवले, प्रत्येकावर वेगळा भार टाकला आणि कोणता किती फेऱ्यांनी तुटतो ते लिहून ठेवलं. लाखो फेऱ्यांची ती नोंद होती. त्यातून निघालं ते असं, की एका झटक्यात ज्यानं लोखंडाला काहीही होणार नाही अशा भारानंही, तो पुन्हा पुन्हा आला तर, लोखंड तुटतं. कुठल्या तरी खाचेत, ओरखड्यात, वळणात डोळ्याला न दिसणारी भेग पडते. दर फेरीला ती केसाच्या कितव्या तरी हिश्शानं पुढे सरकते. उरलेलं लोखंड एकट्यानं भार पेलत राहतं आणि ज्या दिवशी ते पुरत नाही त्या दिवशी 'टण्ण' होतं.

मला हे मोंढ्याच्या भाषेत लगेच समजलं. हंगामाआधी शेतकरी आडत्याकडून उचल घेतो. पाचशे, हजार, परत पाचशे. एकेक रक्कम लहान असते, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. खातं बघितलं की कळतं. माझी तार दर फेरीला बारीक उचल देत होती.

आता हे कळलं तरी तेवढ्यानं तारा तुटायच्या थांबणार नव्हत्या. भाच्यानंच मला जुन्या जालन्यातल्या एका चाचांकडे पाठवलं. सत्तरीचे गृहस्थ, पत्र्याचं लहानसं दुकान, बाहेर दूधवाल्यांच्या सायकलींची रांग. मी आधीच सांगून टाकलं, "चाचा, माझं वजन जास्त आहे, म्हणून तारा तुटतात." त्यांनी उत्तर दिलं नाही. सायकल उलटी करून उभी केली आणि मागच्या चाकाच्या तारा एकेक करून बोटानं छेडायला लागले, एकतारीची तार छेडावी तशा. टिंग, टिंग, टुंग, टिंग, ठप्प. 'ठप्प' वाजली तिथे थांबले.

"ऐकलं का बेटा? ही बोलतच नाही. ढिली आहे. तुटेल ती हीच."

मी गोंधळून गेले. ताणलेली तार तुटते हे समजू शकते. सैल तार कशी तुटेल?

त्यांनी मला रस्त्याकडे बघायला सांगितलं. दूधवाला निघाला होता, मागे दोन्ही बाजूंना 40 लिटरचे कॅन, वर तो स्वतः. "त्याचं आणि त्याच्या दुधाचं वजन तुझ्याहून जास्त आहे. त्याची तार सालात एखादी जाते. का?" मग त्यांनी रांगेतल्या एका काळ्या सायकलचं मागचं चाक दाखवलं. 40 तारा. पुढच्याला 32. माझ्या चाकाला 36 होत्या, म्हणजे फार कमी नव्हत्या. फरक होता तो ताणात.

चाक वजन कसं पेलतं याबद्दल माझी समजूत चुकीची होती. मला वाटायचं की वजन वरच्या तारांना लटकतं. खरं तर चाक आधीच सगळ्या तारांनी आवळून ताणलेलं असतं. आपण बसलो की जमिनीजवळच्या चारपाच तारांचा ताण थोडा कमी होतो, बाकीच्यांना फारसं कळतही नाही. चाक फिरतं तशी प्रत्येक तारेची खाली येण्याची पाळी येते, ती जरा सैल पडते, वर गेली की परत ताणते. तार मुळात घट्ट असेल तर हा चढउतार तिच्या एकूण ताणाचा एक भाग असतो. ती मुळात ढिली असेल तर खाली आल्यावर तिच्यात ताणच उरत नाही. हबच्या भोकात ती हलते, तिचं वळण उघडतं आणि मिटतं, आणि तिनं सोडलेला भार शेजारणीवर पडतो. म्हणून माझ्या तीन तारा एकमेकींच्या जवळपासच तुटल्या होत्या. जड माणसाच्या चाकात हा चढउतार मोठा असतो हे खरं आहे. दुकानदारानं सांगितलेलं तेवढं अर्धं बरोबर होतं. पण उरलेलं अर्धं त्याच्या हातात होतं. तुटलेली एकच तार बदलून, चाकाचा आउट काढून तो मला परत पाठवत होता. चाक सरळ दिसत होतं. त्यातला ताण सारखा नव्हता.

गिअरच्या सायकलला आणखी एक अडचण असते. मागे गिअरच्या चकत्यांना जागा हवी, म्हणून उजवीकडच्या तारा जास्त उभ्या बसतात आणि रिम मध्यावर ठेवायला त्या डावीकडच्यांपेक्षा खूप जास्त ताणाव्या लागतात. साहजिकच डावीकडच्या मुळातच सैल राहतात. दोन्ही बाजूंचा सूर वेगळा असणार, त्याला इलाज नाही. पण एका बाजूच्या सगळ्या तारांनी एका सुरात बोललं पाहिजे.

चाचांनी सगळ्या 36 तारा नव्या घातल्या. मी स्टुलावर बसून दोन तास बघत होते. रिमजवळचा तारेचा निप्पल पाव फेरा फिरवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुढच्या तारेवर जायचं. रिम एका बाजूला सरकली की परत मागे. सगळं झाल्यावर त्यांनी एक गोष्ट केली जी मी कुणाला करताना पाहिली नव्हती. समांतर जाणाऱ्या दोन दोन तारा मुठीत धरून जोरात आवळल्या, पूर्ण चाकभर, दोन्ही बाजूंनी. चाक करकरलं. नव्या तारेचं वळण हबच्या कडेवर नीट बसलेलं नसतं, त्या वळणात वाकवतानाचा ताण अडकलेला असतो. एकदा असं आवळलं की ती वळणं बसतात आणि तो ताण निघून जातो. हे शास्त्र अमेरिकी अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी 1981 च्या त्यांच्या चाकावरच्या पुस्तकात मांडलं आहे, हे मला भाच्यानं नंतर सांगितलं. चाचांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं.

त्यानंतर तार तुटली नाही. पावसाळ्यात ॲक्सल तुटला.

घाणेवाडी तलावाच्या रस्त्यावर होते. निजामाच्या काळातला तो तलाव, आमच्या शहराचं पाणी. पाऊस उघडला होता, दोन्ही बाजूंना कपाशी. चढावर जोर लावला आणि मागचं चाक तिरकं झालं, टायर सांगाड्याला घासून जागेवर अडकलं. मी पडले नाही, पण पाय थरथरत होते. एका टेम्पोवाल्या दादांनी सायकलसकट गावात आणून सोडलं. चाचांनी चाक काढलं तेव्हा हबमधून ॲक्सल दोन तुकड्यांत बाहेर आला.

तो तुकडा आज माझ्या मोंढ्यातल्या टेबलावर आहे. भाच्यानं भिंग आणून दिलं होतं, त्यातून मी त्याचं तोंड पुष्कळ वेळा बघितलंय. दहा मिलिमीटरचा गोल, पण त्याचे दोन भाग पडलेत. दोनतृतीयांश भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर एकात एक बसलेल्या कमानीसारख्या बारीक रेषा. उन्हाळ्यात तलाव आटत जातो तेव्हा काठावर पाण्याच्या जुन्या पातळीच्या रेषा राहतात, अगदी तशा. उरलेला भाग चमकदार आणि रवाळ, फोडलेल्या खडीसाखरेसारखा. भाच्यानं पेन्सिलच्या टोकानं दाखवलं, कमानी सगळ्या एका बिंदूपासून सुरू होतात. तो बिंदू कडेला, आट्यांच्या खाचेत होता. तिथे भेग सुरू झाली, थांबत थांबत आत आली, तिची वाटचाल त्या रेषांत लिहिली गेली. चमकदार भाग तेवढा त्या दिवशीच्या चढावर तुटला. म्हणजे मी कित्येक दिवस त्या एवढ्याशा उरलेल्या लोखंडावर बसून फिरत होते. हे समजलं तेव्हा पोटात गोळा आला.

सायकलचा ॲक्सल फिरत नाही, त्याच्याभोवती हब फिरतं. पण प्रत्येक पायडलला चेन त्याला ओढते, प्रत्येक खड्डा त्याला वाकवतो. आणि माझ्या चाकात तो वाकायला मोकळा होता. सात चकत्यांची फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढवलेली असते, त्यामुळे उजवीकडचा बेअरिंगचा कोन आणि छर्रे फ्रीव्हीलच्या आत, चाकाच्या मध्याकडे राहतात. तिथून सांगाड्याच्या खाचेपर्यंत ॲक्सलची दोन बोटं अधांतरी असतात. उजव्या बाजूचं सगळं वजन त्या दोन बोटांवर लटकतं. दूधवाल्याच्या सायकलला मागे एकच चकती, छर्रे जवळजवळ टोकाशी, म्हणून त्याचा ॲक्सल वाकत नाही. गिअर हवेत आणि वजनही जास्त आहे अशा माणसानं कॅसेटचा हब घ्यावा. त्यात उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या खाली, पार बाहेरच्या टोकाजवळ असतात. सायकल घेताना हे मला कुणी सांगितलं असतं तर मी थोडे पैसे जास्त दिले असते. रंग विचारला, सीट मऊ आहे का विचारलं. हब विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं.

नवा हब आला, चाचांनी चाक परत विणलं. त्या काळात मी भाच्याला प्रश्न विचारून विचारून पिडलं. सांगाड्याची परीक्षा कशी घेतात? त्यानं सांगितलं, आयएसओ 4210 नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात शहरी सायकलचा सांगाडा यंत्रावर चढवून पायडलवर साधारण 100 किलोच्या जोरानं 1 लाख वेळा दाब देतात. मला तो आकडा आधी मोठा वाटला, मग हिशेब केला. मिनिटाला 60 या गतीनं मी रोज प्रत्येक पायानं 3,000 दाब देते. लाख व्हायला महिना लागतो! पण सपाट रस्त्यावर मी 100 किलोचा जोर लावत नाही, त्याचा पाचवा हिस्साही नाही. तेवढा जोर लागतो तो जड गिअर ठेवून, उभं राहून चढ चढताना. घाणेवाडीच्या चढावर मी तेच करत होते.

आणि इथे ती गोष्ट आली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ताण दुप्पट झाला तर धातूचं आयुष्य निम्मं होत नाही. आठवा हिस्सा होतं, कधी त्याहूनही कमी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं, वाटलं दुकानदार बरोबर होता. भाच्यानं तोच गुणाकार उलटा करून दाखवला. ताण फक्त पाचव्या हिश्शानं कमी केला तरी आयुष्य जवळजवळ दुप्पट. वजन पाचव्या हिश्शानं उतरवायला मला दोन वर्षं लागतील. ताण आजच्या आज कमी करता येतो. टायर जाड घेतला आणि हवा बरोबर ठेवली. खड्डा आला की सीटवरून जरा उठते, गुडघे वाकवते, म्हणजे धक्का शरीर घेतं, चाक घेत नाही. चढाला हलका गिअर टाकते, पाय जास्त वेळा फिरतात पण जोर कमी लागतो. जालन्याच्या रस्त्यांवर खड्डा चुकवणं हीसुद्धा बचतच आहे.

पोलादाला एक सवलत असते. ठरावीक मर्यादेखालचा ताण असेल तर ते खात्यावर काही लिहीतच नाही, कितीही फेरे करा. गंज चढला, ओरखडा पडला की ही सवलत जाते. म्हणून पावसाळ्यानंतर मी तारांच्या मुळाशी तेलाचा बोळा फिरवते. ॲल्युमिनियमला अशी सवलत नाही, ते प्रत्येक फेरा लिहून ठेवतं. माझं हँडल, सीटचा दांडा, क्रँक, सगळं ॲल्युमिनियमचं. दर रविवारी ते पांढऱ्या फडक्यानं पुसते आणि पुसताना बघते. पायडल जिथे क्रँकमध्ये आट्यांनी बसतं ती जागा, हँडल जिथे आवळलेलं असतं त्याची कड, सीटच्या दांड्यावरची आडवी खूण, जी कधीही बाहेर दिसता कामा नये. काळी बारीक रेघ दिसली तर ती मळ आहे की भेग, हे फडकं सांगतं. मळ पुसला जातो.

मागच्या महिन्यात राजूरच्या गणपतीला सायकलवर गेले, जाऊन येऊन 50 किलोमीटरच्या वर. वाटेत दोनदा थांबून तारा छेडल्या. आता मला सूर कळतो. परत येताना मोंढ्यातल्या ओळखीच्या एक काकू भेटल्या, माझ्याएवढ्याच अंगाच्या. सायकलकडे बघत म्हणाल्या, "आपल्याला पेलते का गं ही?" मी त्यांना चाकाजवळ वाकवलं आणि तारेवर बोट ठेवायला लावलं.

आडतीच्या वहीच्या मागच्या पानावर मी चाकाचं खातं ठेवलंय. नवा हब, आजपर्यंत 2,860 किलोमीटर. फेरे 13 लाख 60 हजारांच्या वर. तुटलेल्या तारा, शून्य. वजन 101. डावीकडची नववी तार आज सकाळी शेजारणींपेक्षा खालच्या सुरात बोलली. दुकान उघडलं की चाचांना दाखवून येते.